एका गल्लीत एक भाव, पलीकडच्या गल्लीत दुसरा: ई-एएसआर आणि मोफत दस्त शोध या सेवा कोल्हापुरात किती कामाच्या?

कोल्हापुरात फ्लॅट किंवा प्लॉट बघायला लागलं की एक कोडं हमखास समोर येतं. दोन इमारती एकाच रस्त्यावर, वय सारखं, खोल्या सारख्या, पण भावात लाखांचा फरक. एजंटला विचारलं तर "लोकेशन" हे एकच उत्तर मिळतं आणि शेजारीपाजारी ज्याचा त्याचा अंदाज सांगतात. हा फरक खरा आहे की कागदावरचा, आणि खरा असेल तर कशामुळे, हे घरबसल्या तपासायला नोंदणी व मुद्रांक विभागाच्या दोन मोफत सेवा आहेत. एक ई-एएसआर, म्हणजे आपण ज्याला रेडीरेकनर म्हणतो तो, मुद्रांक शुल्काच्या हिशेबासाठीचा सरकारी वार्षिक मूल्य दर तक्ता. दुसरी मोफत दस्त शोध, जिथे नोंदवलेल्या दस्ताची सूची क्रमांक २ (इंडेक्स टू), म्हणजे त्या व्यवहाराचा नोंदणीतला गोषवारा, बघता येते.

आमचं मत आधीच सांगतो. भावातली विसंगती कुठे आहे हे शोधायला या दोन्ही सेवांसारखं साधन नाही. ती का आहे हे मात्र त्या थेट सांगत नाहीत. कारणाचा धागा बहुतेक वेळा सूची दोनमध्येच असतो, पण तो 'मोबदला' या रकान्यात शोधला तर सापडत नाही, आणि नेमके तिथेच बहुतेक लोक थांबतात.

आधी ई-एएसआर. विभागाच्या संकेतस्थळावर वर्ष निवडायचं, नकाशावर कोल्हापूर जिल्हा, मग करवीर तालुका, मग गाव किंवा शहराचा भाग. समोर उपविभागांची यादी येते आणि प्रत्येकापुढे खुली जमीन, निवासी सदनिका, ऑफिस, दुकाने, औद्योगिक असे दर चौरस मीटरमध्ये दिसतात. आपला उपविभाग कोणता हे ओळखायला सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर लागतो, गल्लीचं नाव पुरत नाही. कोल्हापुरात इथे एक जास्तीची खबरदारी हवी. शहराचे सिटी सर्व्हे नंबर ए, बी, सी, डी, ई अशा वॉर्डांप्रमाणे आहेत, त्यामुळे एकच आकडा एकाहून जास्त वॉर्डांत असू शकतो. नंबरासोबत वॉर्ड लिहून घेतला नाही तर भलत्याच पेठेचा दर आपला समजून हिशेब होतो. उपनगरांत बऱ्याच ठिकाणी मिळकत रि.स. (रिव्हिजन सर्व्हे) नंबरावरच चालते, तिथे पोटहिस्साही लागतो.

निम्मी कोडी याच टप्प्यावर सुटतात. उपविभागाची हद्द अनेकदा रस्त्याच्या मधून जाते, आणि दर्शनी मिळकतींचा दर वेगळा असू शकतो. समजा एका बाजूला सदनिकेचा दर चौरस मीटरला ४०,००० आणि दुसऱ्या बाजूला ३२,००० आहे (हे आकडे फक्त हिशेबासाठी धरलेले आहेत). ८० चौरस मीटर बांधीव क्षेत्राच्या फ्लॅटचं मूल्यांकन एकीकडे ३२ लाख होतं, दुसरीकडे २५ लाख ६० हजार. महापालिका हद्दीत ५ टक्के मुद्रांक शुल्क आणि १ टक्का अधिभार धरला तर खरेदीदाराच्या खर्चात ३८,४०० रुपयांचा फरक पडतो. घर तेच, हवा-पाणी तेच, तरी दोन्हीकडचे भाव वेगळ्या पायावर उभे राहतात. ही विसंगती प्रशासकीय आहे, तिच्यात गूढ काही नाही. खरेदीआधी दोन्ही बाजूंचे उपविभाग उघडून बघितले की दहा मिनिटांत ती लक्षात येते.

तक्ता वाचताना दुसरी अडचण एककाची. विक्रेता चौरस फुटात बोलतो, प्लॉटवाला गुंठ्यात, तक्ता चौरस मीटरमध्ये. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, १ गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. इथवर सोपं आहे. घोळ होतो तो कार्पेट (भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्र), बांधीव (भिंती धरून) आणि सेलेबल (जिना-लॉबीचा हिस्साही धरून) यांत. मूल्यांकनात सदनिकेचा दर बांधीव क्षेत्राला लागतो. रेरा या बांधकाम व्यवसायाच्या नियमन कायद्याच्या व्याख्येतलं कार्पेट असेल तर त्याच्या १.१ पट, जुन्या पद्धतीचं कार्पेट असेल तर १.२ पट धरतात. म्हणजे दस्तात ७०० चौरस फूट कार्पेट लिहिलेले दोन फ्लॅट एका हिशेबाने ७१.५ आणि दुसऱ्या हिशेबाने ७८ चौरस मीटरचे होतात. नुसत्या व्याख्येमुळे नऊ टक्के फरक.

वर्षावर्षांची तुलना करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं, कारण रेराची महत्त्वाची कलमं १ मे २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या करारांत सेलेबल किंवा बांधीव क्षेत्र सर्रास असायचं, नंतर कार्पेट आलं. ४० लाखांचा एकच फ्लॅट १,००० फूट सेलेबलने भागला तर फुटाला ४,००० आणि ७४० फूट कार्पेटने भागला तर ५,४०५ येतात. भाव एक रुपयाही न हलता आलेख मात्र उडी मारतो. "आमच्या भागात अचानक भाव वाढले" असं सांगणारी २०१७-१८ च्या सुमाराची आकडेमोड समोर आली तर आधी क्षेत्राचा प्रकार विचारा.

इमारतीचं वय हा आणखी एक मुद्दा. मूल्यांकनात २ वर्षांपर्यंत घसारा नाही, त्यानंतर ५ वर्षांपर्यंत पक्क्या बांधकामाला ५ टक्के, पुढे तो वाढत जातो. लिफ्ट आहे की नाही आणि मजला कितवा यानेही दर बदलतो. तक्त्यात दिसणारा आकडा हा आरंभ आहे, शेवटचं मूल्यांकन नव्हे. आणि तक्ता वर्षातून एकदाच लागू होतो, तोही दर वर्षी बदलतोच असं नाही. २०२३-२४ आणि २०२४-२५ ला दर तसेच ठेवले, २०२५-२६ ला राज्यात सरासरी ३.८९ टक्के वाढवले. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि भाऊसिंगजी रोडच्या आसपास कार्यालयं व भाड्याच्या जागांची विचारणा वाढल्याची चर्चा सुरू झाली. अशा ताज्या हालचाली त्या वर्षीच्या तक्त्यात शोधण्यात अर्थ नाही. त्या आधी दस्तांत उमटतात.

म्हणून दुसरी सेवा जास्त मोलाची. मोफत शोधमध्ये 'उर्वरित महाराष्ट्र' निवडून वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकत क्रमांक द्यायचा. कॅप्चा पहिल्यांदा बरोबर घालूनही पुन्हा मागितला जातो, तेव्हा काहीतरी चुकलं असं समजून खिडकी बंद करू नका, नवा कॅप्चा घालून पुन्हा शोधा. मिळकत क्रमांकात फक्त आकडा टाका. तो आकडा सर्व्हे नंबरात, सिटी सर्व्हे नंबरात किंवा फ्लॅट नंबरात कुठेही असला तरी दस्त यादीत येऊ शकतो, त्यामुळे वर्णनाचा रकाना वाचून गाळणी करावीच लागते. एका वर्षाचा शोध एका वेळी होतो. गर्दीच्या वेळी यादी उघडायला वेळ लागतो, सकाळी लवकर किंवा रात्री उशिरा काम सुरळीत होतं. या यादीत देणाऱ्या-घेणाऱ्यांची नावं दिसतात. ती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरवू नयेत. आपल्याला हवेत ते आकडे.

सूची दोन उघडली की नजर सरळ 'मोबदला' आणि 'बाजारभाव' या दोन ओळींवर जाते. ती तिथून उचलून आधी वर, दस्ताच्या प्रकारावर न्या. कोल्हापुरातल्या पेठांत, शिवाजी पेठेपासून उत्तरेश्वरपर्यंत, वडिलोपार्जित घरं भरपूर आणि त्यामुळे वाटणीपत्रं, हक्कसोडपत्रं, बक्षीसपत्रंही भरपूर. बक्षीसपत्रात मोबदला शून्य असतो, हक्कसोडपत्रात नाममात्र. घरातल्या घरात, म्हणजे पती-पत्नी, मुलं, नातवंडं यांना राहतं घर बक्षीस द्यायला मुद्रांक २०० रुपये. हे दस्त सरासरीत मिसळले की अख्ख्या पेठेचा भाव कोसळलेला दिसतो. अविभक्त हिस्सा विकला असेल तर तिसऱ्या भागाची किंमत पूर्ण घराची वाटते, म्हणून वर्णनात 'पैकी' हा शब्द कुठे आहे ते शोधा. बँकेच्या लिलावातलं विक्री प्रमाणपत्रही बाजूला काढा, कारण ती ठरवून केलेली विक्री नव्हे. भाडेकरू बसलेलं घर ताब्याशिवाय विकलेलं असतं, तेही मोकळ्या घराशी तोलू नये.

सगळ्यांत फसवा दस्त म्हणजे साठेखतानंतरचं खरेदीपत्र किंवा अपार्टमेंट डीड. बिल्डरशी करार झाला तेव्हा पूर्ण मुद्रांक भरला जातो. इमारत पुरी होऊन घोषणापत्र झालं की काही वर्षांनी अंतिम दस्त होतो, त्यावर मुद्रांक नाममात्र, आणि मोबदला मात्र जुन्या कराराचाच. म्हणजे तारीख २०२४ ची, भाव २०१८ चा. अशा दस्तांची रांग एका नव्या इमारतीत लागली की ती इमारत आसपासच्यांपेक्षा फार स्वस्त दिसते. ओळखायचं कसं? मुद्रांक शुल्काच्या ओळीत नाममात्र रक्कम आणि शेऱ्यात आधीच्या दस्ताचा क्रमांक. तो क्रमांक आणि वर्ष घेऊन मूळ साठेखताची सूची काढा, तिथे खऱ्या व्यवहाराची तारीख मिळते.

हे सगळं गाळून उरलेल्या दस्तांतही किमती विचित्र जागी गोळा झालेल्या दिसतील. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटला ४५ लाखांपर्यंत आणि कोल्हापूरसारख्या शहरात ९० चौरस मीटर कार्पेटपर्यंत जीएसटी १ टक्का, त्यापुढे ५ टक्के. ४५ लाखांच्या फ्लॅटला ४५ हजार कर, ४६ लाखांच्या फ्लॅटला २ लाख ३० हजार. एक लाख किंमत वाढली की पावणेदोन लाखांहून जास्त कर वाढतो, म्हणून ४५ लाखांच्या लगेच वरच्या पट्टीत फ्लॅट आणणं परवडत नाही. त्याच्या वर ५० लाखांची पायरी, कारण तिथून खरेदीदाराला विक्रेत्याच्या रकमेतून १ टक्का टीडीएस (आयकराची आगाऊ कपात) कापून भरावा लागतो. नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांवर थांबते, म्हणून ३० लाखांच्या वर तिचा प्रभाव उरत नाही. एखाद्या कॉलनीत सगळे फ्लॅट ४४ लाख काही हजारांना गेलेले दिसले तर ती बाजाराची एकवाक्यता समजू नये, ती कराची भिंत आहे.

आता खरी, जमिनीवरची विसंगती. कोल्हापुरात तिचं पहिलं कारण पंचगंगा. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरी कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्कचा सखल भाग, रमणमळा, बापट कॅम्प इथे पाणी कुठवर आलं हे तिथल्या लोकांना ठाऊक आहे. नागाळा पार्क हे नाव एकच, पण उंचावरचा प्लॉट आणि नाल्याकडचा प्लॉट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. जयंती नाल्याचं पाणी मागे फुगतं, त्यामुळे नदीपासून लांब वाटणारी जागाही भरते.

पण हा फरक सूची दोनच्या मोबदल्यात दिसत नाही. त्यामागचं कारण पाहा. मुद्रांक शुल्क मोबदला आणि मूल्यांकन यांपैकी जास्त रकमेवर लागतं. शिवाय मूल्यांकन मोबदल्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त असेल तर आयकरात विकणाऱ्याला मूल्यांकनाचीच किंमत धरावी लागते आणि घेणाऱ्यालाही फरकावर कर लागू शकतो. उदाहरणार्थ मूल्यांकन ४० लाख असताना ३७ लाखांचा व्यवहार बसतो, ३६ लाखांचा बसत नाही. पूरक्षेत्रात खरा भाव मूल्यांकनाच्या खाली गेला की असे व्यवहार दोघांनाही महाग पडतात, मग ते होत नाहीत किंवा लांबतात. जे होतात ते मूल्यांकनाच्या आसपासच्या आकड्यावर नोंदतात. त्यामुळे भाव पडला तरी आकडा पडत नाही, पडते ती दस्तांची संख्या.

म्हणून पूरक्षेत्र तपासताना भाव बघू नका, विक्रीचे दस्त मोजा. एका रि.स. नंबरावर किंवा सिटी सर्व्हे नंबरांच्या गटावर २०१७, २०१८, २०२२, २०२३ या वर्षांत किती खरी खरेदीपत्रं आहेत ते काढा आणि उंचावरच्या तशाच गटाशी तोला. २०२० आणि २०२१ ही वर्षं गाळा. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळात मुद्रांक शुल्कात ३ टक्क्यांची आणि पुढे ३१ मार्च २०२१ पर्यंत २ टक्क्यांची सवलत होती, तिने डिसेंबर आणि मार्चमध्ये दस्तांचे डोंगर उभे केले. ती लाट सवलतीची होती, मागणीची नव्हे.

पूररेषा या दोन्ही सेवांत कुठेही दिसत नाही. आमच्या मते ही त्यांची सर्वांत मोठी उणीव. त्यासाठी महापालिकेच्या नगररचना विभागात जावं लागतं. सिटी सर्व्हे नंबर देऊन झोन दाखला आणि भाग नकाशा मागा, निळी आणि लाल पूररेषा मिळकतीच्या कुठल्या बाजूने जाते ते विचारा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम निषिद्ध, दोन्हींच्या मध्ये परवानगी मिळते पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ४५ सेंटीमीटर वर घ्यावं लागतं. इतका भराव आणि उंच जोतं म्हणजे बांधकामाचा खर्च वाढला, आणि तो जमिनीच्या किमतीतून वजा होतो. जुन्या इमारतीचा पुनर्विकास अडखळतो तोही इथेच, म्हणून वरच्या मजल्यावरच्या कोरड्या फ्लॅटलाही गिऱ्हाईक कमी. वरच्या मजल्यावर पाणी येत नाही हा युक्तिवाद करणाऱ्याला रस्ता, लिफ्टचा खड्डा, मीटरची खोली आणि पाण्याची टाकी कुठे आहे ते विचारा.

दुसरं कारण हक्काचं. मिळकत पत्रिकेवर धारणाधिकाराच्या पुढे एक अक्षर असतं. शहरात 'ब' सत्ता प्रकाराच्या मिळकती आहेत, आणि त्यांच्या हस्तांतराला परवानगीचा प्रश्न येतो. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ किंवा देवस्थान इनाम असेल तर तोच प्रकार आणखी कडक. बँक कर्ज द्यायला कचरली की रोखीचं गिऱ्हाईकच उरतं आणि भाव उतरतो. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो, तो न काढता भावाची चर्चा करण्यात अर्थ नाही. उपनगरांत गुंठेवारीचे, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्याने पाडून विकलेले, प्लॉट आहेत. २००१ च्या कायद्याने आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना नियमित करून घेण्याची वाट आहे, पण ज्याने ते केलं नाही त्याचं नाव सातबाऱ्यावर सामाईकात राहतं. नोटरीवर झालेले व्यवहार तर शोध सेवेत येणारच नाहीत. तिथे 'व्यवहारच नाहीत' असं दिसतं, आणि ते खरं नसतं.

तिसरं कारण हद्दीचं. महापालिका १९७२ साली झाली, हद्द मात्र नगरपालिकेच्या काळातलीच राहिली, आणि पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, उजळाईवाडी, उचगाव ही गावं शहराला चिकटून वाढली. हद्दीच्या पलीकडे मुद्रांक कमी, घरफाळा वेगळा, बांधकाम परवानगी शहराभोवतीच्या गावांसाठीच्या विकास प्राधिकरणाची. हद्दीच्या आत नळ आणि ड्रेनेज महापालिकेचं. हद्दवाढीची नुसती बातमी आली तरी पलीकडचे भाव हलतात, म्हणून तिथल्या दस्ताची तारीख त्या वेळच्या बातम्यांशी लावून बघावी. विमानतळाच्या बाजूला इमारतीच्या उंचीवर मर्यादा आहे, त्याने प्लॉटवर किती मजले निघतात ते ठरतं. शेजारच्या दोन प्लॉटांच्या भावात फरक असला तर हेही एक तपासायचं कलम.

एवढं सगळं गाळून जर विसंगती उरली, तर ती बहुधा दोन-तीन दस्तांवर उभी असते. एका इमारतीतल्या दोन व्यवहारांवरून गल्लीचा भाव ठरवू नका. किमान तीन वेगवेगळ्या इमारतींतले, एकाच दोन वर्षांच्या आतले, कार्पेटवर आणलेले, साठेखत-खरेदीखत जोड्या एकत्र केलेले दस्त हाती असल्याशिवाय बोलणी करायला बसू नये.

ऑनलाइन शोधाची मर्यादा शेवटी. कोल्हापूरचे दस्त या सेवेत २००२ पासूनचे मिळतात. त्यामागचं बघायचं तर करवीरच्या दुय्यम निबंधक कार्यालयात जुन्या सूच्यांचा शोध घ्यावा लागतो, आणि बँक ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट मागते. भाव ताडून बघायला मोफत सेवा पुरते. हक्क तपासायला वकिलामार्फत तो पूर्ण शोध घ्यायलाच हवा, आणि विसार देण्याच्या आधी.